मेलेल्यांच्या सहीने राज्य चालेल का? टॉमस पेनचं समग्र लेखन, सोप्या भाषेत

जून आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या कारभाराविरुद्ध गावोगावी लोक ‘नो किंग्ज’, म्हणजे ‘राजे नकोत’, असे फलक घेऊन रस्त्यावर उतरले. ते फोटो बघून माझ्या मावशीने विचारलं, “अरे, तिकडे राजा आहेच कुठे, नको म्हणायला?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर द्यायचं तर १० जानेवारी १७७६ ला फिलाडेल्फियात छापलेल्या एका ४७ पानी पुस्तिकेपर्यंत मागे जावं लागतं. तिचं नाव ‘कॉमन सेन्स’. जानेवारी २०२६ मध्ये तिला अडीचशे वर्षं झाली आणि तिचा लेखक टॉमस पेन पुन्हा चर्चेत आला.

पेनचं लेखन आज जाडजूड संग्रहांत मिळतं. उघडलं की माणूस बावचळतो. एकीकडे राजांना शिव्या, दुसरीकडे पेन्शनचे हिशेब, मध्येच बायबलची चिरफाड आणि इंग्लंडच्या नोटांवर एक निबंध. मी पहिल्यांदा त्या नोटांच्या निबंधापाशीच पुस्तक मिटलं होतं. पुढे कळलं की या सगळ्यातून एकच धागा जातो, आणि तो आपल्या अगदी ओळखीचा आहे: वारसा. बापाकडून मुलाकडे काय जाऊ शकतं आणि काय जाऊ शकत नाही?

आधी शब्द: रिपब्लिकन आणि रॅडिकल

रिपब्लिकन म्हटलं की आपल्याला निळा झेंडा आणि पक्षाचे गट आठवतात, अमेरिकेतल्या माणसाला हत्तीचं चिन्ह. इथे दोन्ही बाजूला ठेवा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सगळ्यांचं काम’, सार्वजनिक गोष्ट. पेन म्हणायचा की रिपब्लिक हे सरकारच्या एखाद्या साच्याचं नाव नाही. सरकार कशासाठी आहे, ते त्या शब्दात सांगितलंय. राज्य ही कुणाच्या घरची मालमत्ता नाही, ते सगळ्यांचं काम आहे, असं मानणारा तो रिपब्लिकन.

आपण त्याला ‘प्रजासत्ताक’ म्हणतो. पेनला मराठी येत असतं तर या शब्दावर त्याने नक्की बोट ठेवलं असतं, कारण ‘प्रजा’ म्हटलं की समोर राजा आलाच. आपल्या राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘गणराज्य’ आहे, ते त्याला जास्त पटलं असतं.

रॅडिकल म्हणजे मुळाला हात घालणारा. मराठीत ‘जहाल’ म्हणायची सवय आहे, पण जहाल हा आवाजाचा गुण झाला. पेनचा आवाज चढा होता हे खरं, तरी त्याला रॅडिकल म्हणतात ते ‘हा राजा वाईट’ इथे न थांबता ‘राजा असावाच कशाला’ असं विचारल्यामुळे.

हा माणूस कोण?

इंग्लंडातल्या थेटफर्ड गावी १७३७ साली जन्म. वडील बायकांच्या घट्ट कमरपट्टीच्या चोळ्या शिवायचे; आत देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या घातलेल्या असत. पोरगाही तेच शिकला. मग अबकारी खात्यात लागला. पगार वर्षाला ५० पौंड, त्यात घोडाही स्वतःचा पोसायचा. पगार वाढवा, नाहीतर माणसं लाच खाणारच, असा अर्ज त्याने सहकाऱ्यांच्या वतीने १७७२ मध्ये लिहिला. पगार वाढला नाही आणि १७७४ मध्ये नोकरी गेली. अमेरिकी पुढारी बेंजामिन फ्रँकलिनचं शिफारसपत्र खिशात घालून तो त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर फिलाडेल्फियाला उतरला. उतरला म्हणजे उतरवला गेला. जहाजावरच्या तापाने त्याला उभंही राहवत नव्हतं.

सदतीस वर्षांचा, नोकरी गेलेला, परक्या देशातला माणूस. चौदा महिन्यांत त्याने ‘कॉमन सेन्स’ लिहिलं.

राजाचा मुलगा राजा का?

त्या वेळी अमेरिकेतल्या तेरा वसाहतींवर इंग्लंडच्या राजाचा अंमल होता आणि लढाईही सुरू झाली होती. तरी बहुतेक लोकांचं म्हणणं, ‘राजा चांगला, मंत्री वाईट’ असंच होतं. दारी आलेल्या वसुली कारकुनाला शिव्या आणि गादीला मुजरा, ही रीत आपल्यालाही नवी नाही.

पेनने गादीलाच हात घातला. आधी त्याने समाज आणि सरकार वेगळे काढले. चाळीचं उदाहरण घ्या. शेजारणीला साखर देणं, कुणाचं पोर सांभाळणं, मयताला खांदा देणं, हा झाला समाज. तो आपल्या गरजांतून उभा राहतो. रात्री दाराशी बसवलेला वॉचमन म्हणजे सरकार. तो लागतो कारण चोऱ्या होतात. म्हणून पेन सरकारला नाइलाजाने सोसायची ब्याद म्हणतो. आता एक दिवस वॉचमनच म्हणाला की ही चाळ माझी आणि माझ्यानंतर माझा मुलगाच या स्टुलावर बसणार, तर? राजेशाही ती हीच, असं त्याचं म्हणणं.

पण पहिल्या राजाला तर लोकांनी मानलं होतं ना? पेन विचारतो, कोणत्या पहिल्या? इंग्लंडच्या राजघराण्याचा मूळ पुरुष विल्यम हा फ्रान्सहून सशस्त्र टोळी घेऊन आलेला अनौरस लुटारू होता, असं तो सरळ लिहितो. आणि लोकांनी खरंच एखाद्याला निवडलं असेल, तरी ती निवड त्याच्यापुरती. आपल्या नातवंडांचं मत आज आपण कसं टाकणार? पुढे एका पुस्तकात त्याने विचारलं की गणितज्ञाचा मुलगा जन्मतः गणितज्ञ ठरवता येत नाही, राजकवीचं पद वंशपरंपरेने दिलं तर लोक हसतील, मग राज्यकर्ता कसा ठरतो? आपल्या भाषेत, एसटी ड्रायव्हरचा मुलगा म्हणून लायसन्स न बघता कुणाला घाटात बस देत नाहीत. निसर्गालाही ही रीत मान्य नसावी, नाहीतर त्याने सिंहाच्या जागी गाढव पाठवून माणसाची अशी थट्टा केली नसती, असा टोमणाही त्याने मारलाय.

पुस्तिकेची भाषा विद्वानांची नव्हती. लॅटिन वचनं नाहीत; दाखले सगळे बायबलचे, घराघरात पाठ असलेले. ती दारूच्या गुत्त्यांत मोठ्याने वाचली जाई. तीन महिन्यांत १,२०,००० प्रती गेल्या हा पेनचा स्वतःचा दावा. आज अभ्यासक तो आकडा फुगवलेला मानतात, आणि मलाही तसंच वाटतं; अख्ख्या वसाहतींची लोकसंख्याच जेमतेम पंचवीस लाख होती. पण सहा महिन्यांत अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि त्याआधी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द उघड उच्चारायला लोक कचरत होते, हे दोन्ही खरं. नफ्यातला आपला वाटा पेनने क्वेबेकच्या थंडीत कुडकुडणाऱ्या सैनिकांना लोकरी हातमोजे घ्यायला देऊन टाकला होता. नफा झालाच नाही असं सांगून मुद्रकाने पुढे त्याच्याशी वाद घातला, ते वेगळं.

पूर्वजांनी लिहून दिलं, मग?

सगळ्यात कळीचा वाद मात्र अमेरिकेत नाही, इंग्लंडात झाला. १७८९ ला फ्रान्समध्ये क्रांती झाली. एडमंड बर्क या नावाजलेल्या खासदाराने १७९० मध्ये तिच्यावर घणाघाती पुस्तक लिहिलं. पेनने उत्तर दिलं ‘राइट्स ऑफ मॅन’, म्हणजे ‘मानवाचे हक्क’: पहिला भाग १७९१, दुसरा १७९२.

बर्कचा एक दाखला होता. १६८८ च्या उलथापालथीनंतर इंग्लंडच्या संसदेने नव्या राजा-राणीला लिहून दिलं होतं की आम्ही, आमचे वारस आणि पुढच्या पिढ्या कायम तुमच्या अंकित राहू. झालं ते झालं, लिहून दिलंय.

कल्पना करा, तुमच्या सोसायटीचं जुनं मिनिटबुक सापडलं. त्यात १९६२ च्या सभेत आजोबांनी सही केली आहे: ‘आम्ही, आमची मुलं-नातवंडं यावच्चंद्रदिवाकरौ अमुक घराण्यातलाच सेक्रेटरी मानू.’ आजोबांबद्दल आदर आहेच. पण आज पाण्याची टाकी गळते आणि त्या घराण्यातला पठ्ठ्या फोन उचलत नाही. सही पाळायची? पेन म्हणतो, मेलेल्या माणसाने थडग्यातून राज्य करू पाहणं यापेक्षा उद्दाम जुलूम दुसरा नाही. हक्क जिवंत माणसांचे असतात. ज्याच्या गरजा संपल्या, त्याचा अधिकारही संपला.

यावर आक्षेप येणारच: मग दर पिढीला सगळे कायदे रद्द? खरेदीखतं, करार, लग्नं, सगळं नव्याने? पेनने याचं उत्तर तिथेच दिलंय, आणि मला ते त्याच्या सगळ्या लेखनातलं सर्वांत शहाणं वाक्य वाटतं. जुना कायदा चालू राहतो तो रद्द करता येत नाही म्हणून नाही, आपण तो रद्द केलेला नाही म्हणून. न मोडणं हीच आजची संमती. सोसायटीचा जुना ठराव चालतो, कारण आज सभेत कुणी हात वर करून हरकत घेतली नाही. घेता मात्र आली पाहिजे.

घटना दाखवा बघू

बर्क इंग्लंडच्या राज्यघटनेचे गोडवे गात होता. पेनने विचारलं, कुठे आहे ती? काढून दाखवा. त्याचं म्हणणं असं की घटना सरकारच्या आधी येते. लोक घटना करतात आणि घटना सरकार घडवते. सरकारने आपल्या सोयीने घडवली ती घटना नव्हे. सोसायटीचे उपविधी आधी, कमिटी नंतर, इतकं ते सोपं आहे.

पेनसिल्व्हेनियात आपण काय पाहिलं तेही त्याने लिहिलंय. क्वचितच एखादं घर असेल जिथे घटनेची छापील प्रत नाही. कायद्यावर वाद झाला की सभासद खिशातून ती पुस्तिका काढायचे आणि ते कलम वाचून दाखवायचे. आपल्याकडे २०२४ च्या निवडणुकीत सभांमधून खिशाएवढी घटना हातात धरलेली दिसली, तेव्हा मला तो परिच्छेद आठवला होता.

या पुस्तकाबद्दल पेनवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. डिसेंबर १७९२ मध्ये त्याच्या गैरहजेरीतच तो दोषी ठरला. तोवर तो फ्रान्सला पोचला होता आणि तिथल्या लोकांनी त्याला राष्ट्रीय सभेवर निवडूनही दिलं होतं. फ्रेंच भाषा न येणारा खासदार!

राजांचा वैरी, मग राजाला वाचवायला का गेला?

जानेवारी १७९३. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचं काय करायचं, यावर सभा बसली. सगळ्या युरोपात राजांना सर्वांत जास्त शिव्या घातलेला माणूस उठला आणि मारू नका म्हणाला. म्हणजे तो नुसता उभा राहिला. भाषणाचं फ्रेंच भाषांतर शेजारी दुसराच सभासद वाचत होता. राजाला कैदेत ठेवा, मग अमेरिकेला हद्दपार करा. अमेरिकेला स्वतंत्र व्हायला याच माणसाने मदत केली होती, याची त्याने आठवण दिली. ज्याँ-पॉल मारा हा जहाल क्रांतिकारक सभासद मध्येच ओरडला की हा क्वेकर पंथाचा आहे, याला फाशीवर बोलायचा अधिकार नाही. पेनचे वडील खरोखर क्वेकर होते. हिंसा नाकारणारा तो पंथ. २१ जानेवारीला लुईचं डोकं उडालं.

पेनला विरोधाभास दिसत नव्हता. त्याचं वैर गादीशी होतं, गादीवर जन्मलेल्या माणसाशी नाही. जन्माने कुणी राजा होत नसेल, तर जन्माने कुणी गुन्हेगारही होत नाही. तर्क तोच, फक्त उलट दिशेने लावलेला. तो लावायला जी छाती लागते, ती त्या सभेत फार थोड्यांकडे होती.

किंमत मोजावी लागली. २८ डिसेंबर १७९३ ला पेनला अटक होऊन लक्झेंबर्ग तुरुंगात टाकलं. १७९४ च्या उन्हाळ्यात तिथून रोज माणसं गिलोटीनला, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राकडे, जात. कुणाला न्यायचं त्याच्या खोलीच्या दारावर खडूने खूण केली जाई आणि रात्री पहारेकरी खुणा बघत फिरत. पेन तापाने फणफणला होता. त्या खोलीत चौघं होते, म्हणून दारावर ४ चा आकडा काढला गेला. पण ते दार बाहेर उघडणारं होतं आणि त्या वेळी सताड उघडं, भिंतीला टेकलेलं. खूण पडली दाराच्या आतल्या अंगाला. रात्री दार लागलं, खूण आत गेली, पहारेकरी पुढे निघून गेले. काही दिवसांत, हे शिरच्छेद चालवणाऱ्या क्रांतिकारक पुढाऱ्याचं, रोबेस्पिएरचं, राज्य कोसळलं. ही हकिकत पेननेच लिहून ठेवलीय; थोडं तिखटमीठ असेलही. तो सुटला नोव्हेंबरात, अमेरिकेचा फ्रान्समधला नवा राजदूत जेम्स मन्रो याने खटपट केल्यावर. आधीचा राजदूत आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन गप्प बसले, हा सल त्याने पुढे जाहीर पत्रातून इतक्या कडवटपणे काढला की अमेरिकेतले उरलेसुरले मित्रही दुरावले.

नास्तिक होता म्हणे

नव्हता. ‘एज ऑफ रीझन’, म्हणजे ‘विवेकाचं युग’, या पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की मी एक देव मानतो, एकच. नाकारतो ते ग्रंथ, पुरोहित आणि चमत्कार. माझं मन हेच माझं देऊळ. देवाला काही सांगायचं असेल तर तो एका भाषेत, एका माणसाच्या कानात कशाला सांगेल? साक्षात्कार ज्याला झाला त्याच्यापुरता साक्षात्कार. त्याने दुसऱ्याला सांगितला की ती ऐकीव गोष्ट झाली.

इथे मराठी वाचकाचे कान टवकारले असतील. जोतीराव फुले यांनी पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ १८४७ मध्ये, विशीत, वाचलं. पुढच्या वर्षी पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. एका पुस्तकाने शाळा निघाली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण फुले यांच्या लेखनात पेनचा तर्क कुठे काम करतो ते दिसतं. त्यांचा ‘निर्मीक’ असाच आहे: सगळ्यांना घडवणारा, मध्यस्थ न लागणारा, एकाच जातीच्या कानात न बोलणारा.

मग फुले यांनी उचलेगिरी केली का? असं म्हणणाऱ्याने दोघांचं लेखन शेजारी ठेवून वाचलेलं नसतं. पेनच्या समोर वंशपरंपरेने बसलेला एक राजा होता. फुले यांच्या समोर गावोगावी वंशपरंपरेने बसलेले शेकडो होते: भटाचा मुलगा भट, कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी, दप्तर त्याच्याच घरात. ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचताना लंडनची गादी फार दूरची वाटते. त्रास देणारा गादीवाला चावडीतच बसलेला असतो. आणि महाराची किंवा मांगाची वाटही जन्मानेच ठरलेली, हे पेनला स्वप्नातही दिसलं नव्हतं. ‘गुलामगिरी’ची १८७३ ची अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना उद्देशून आहे, म्हणजे त्यांची नजर तिकडच्या घडामोडींवर कायम होती.

सरकार म्हणजे ब्याद, आणि पेन्शनही सरकारनेच द्यावी?

हा सगळ्यात वाजवी आक्षेप. ‘राइट्स ऑफ मॅन’च्या दुसऱ्या भागात गरिबाघरच्या चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड, पन्नाशीनंतर ६ आणि साठीनंतर १० पौंड, असा रीतसर हिशेब आहे. अबकारी खात्यातला माणूस इथे जागा होतो. कोणत्या करातून किती येतात हे त्याला पाठ होतं.

पण खरी गंमत १७९७ च्या ‘अॅग्रेरियन जस्टिस’मध्ये आहे. नावाचा अर्थ ‘जमिनीचा न्याय’. छोटंसंच आहे ते. पेन म्हणतो, पृथ्वी कुणी बनवली नाही; मुळात ती सगळ्यांची सामाईक. शेत नांगरणाऱ्याने कष्टाने जी भर घातली ती त्याची, यात वाद नाही. पण ती भर मातीपासून सुटी काढता येत नाही. म्हणून मालकी राहू द्या, मात्र मालकाने समाजाला भुईभाडं द्यावं. आपल्याकडच्या भाषेत, सातबाऱ्यावर नाव तुमचं खरं, पण इतर हक्काच्या रकान्यात सगळ्या माणसांचा एक बोजा चढलेला आहे.

ते भाडं घ्यायचं कधी? मालक मेल्यावर, वारसाकडे जाताना, साधारण दहावा हिस्सा. देणारा गेलेला, घेणाऱ्याच्या हातात अजून यायचंय. कुणाच्या ताटातलं ओढून घ्यावं लागत नाही. त्या निधीतून प्रत्येकाला एकविसाव्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर वर्षाला १० पौंड. पंधरा पौंडांत काय येतं तेही त्याने लिहिलंय: नव्या जोडप्याकडे प्रत्येकी पंधरा असले तर गाय येते आणि थोडी जमीन कसायची अवजारं येतात.

श्रीमंतालाही द्यायचे? हो, त्यालाही. कारण ही भीक नाही, हक्क आहे. नको असेल त्याने परत निधीत टाकावेत. सरकारी खैरात की हक्क, हा वाद आपण रोज टीव्हीवर ऐकतो. पेनने तो प्रश्नच वेगळा मांडला. खैरात वाटणारा आपल्या खिशातून देतो. इथे खिसा आधीपासून सगळ्यांचा आहे, देणारा फक्त हिशेब पुरा करतोय. वॉचमन ब्याद आहे खरा, पण भाडं गोळा करून ज्याचं त्याला पोचवायला कुणीतरी लागतोच.

आता धागा दिसेल. राज्य वारशाने मिळू शकत नाही, कारण ते कुणाचं नव्हतंच. जमिनीतला वाटा मात्र प्रत्येकाला वारशाने मिळतो, कारण ती सगळ्यांची होती. भारतात मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर १९५३ पासून कर होता, १९८५ मध्ये तो गेला. २०२४ मध्ये ‘वारसा कर’ हा शब्द नुसता उच्चारला तर केवढा गहजब झाला, ते आठवत असेलच.

समग्र म्हणजे सगळं त्याचंच?

नाही, आणि हे जाणून घेणं गरजेचं आहे. पेन बऱ्याचदा निनावी लिहायचा. मंक्यूर कॉनवे याने १८९४ ते १८९६ मध्ये चार खंड काढले, फिलिप फोनरने १९४५ मध्ये दोन. १९९५ मध्ये एरिक फोनरने, म्हणजे फिलिपच्या पुतण्याने, एका खंडात निवड केली. संपादकीचा तरी वारसा घराण्यात राहिला, याला पेन हसला असता. जुन्या संग्रहांत १७७५ चा स्त्रियांच्या स्थितीवरचा एक गाजलेला लेख त्याच्या नावावर आहे. तो मुळात एका फ्रेंच लेखकाचा निघाला. गुलामीविरुद्धचा त्याच वर्षीचा प्रसिद्ध लेखही त्याचा असण्याबद्दल शंका आहे. त्यामुळे ‘पेनने स्त्रियांसाठी लिहिलं’ असं कुणी ठोकून दिलं तर कोणता लेख ते विचारा. खरं सांगायचं तर या बाबतीत तो त्रोटकच आहे, आणि फुले त्याच्या कितीतरी पुढे.

फुले यांचं समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं, १९६९ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढलं. दोन्ही संग्रह एका टेबलावर ठेवून वाचता येतात. माझा क्रम असा: आधी ‘अॅग्रेरियन जस्टिस’, एका बैठकीत होतं. मग ‘कॉमन सेन्स’, पण शेवटची आरमाराच्या खर्चाची पानं गाळून. त्यानंतर ‘राइट्स ऑफ मॅन’चा पहिला भाग आणि लगेच ‘गुलामगिरी’. नोटांचा निबंध राहू द्या.

पेन १८०२ मध्ये अमेरिकेला परतला तेव्हा बायबलवर टीका करणारा म्हणून लोक त्याला टाळू लागले होते. ८ जून १८०९ ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला. अंत्ययात्रेला मोजकी माणसं होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट नावाच्या इंग्रज पत्रकाराने, इंग्लंडात भव्य स्मारक बांधू म्हणून, त्याची हाडं उकरून जहाजाने नेली. स्मारक झालं नाही. हाडं कॉबेटच्या घरातच पडून राहिली आणि तो मेल्यावर त्यांचा पत्ता लागेनासा झाला.